मामासाठी राखलेला घास

यंदा सीताफळं जरा लवकरच आली. घाटातल्या बायका आमच्या पालीच्या फाट्यावर टोपल्या मांडून बसू लागल्या आणि पहिल्याच दिवशी नवरा दोन किलो घेऊन आला. आमची ईश्वरी आता सतरा महिन्यांची आहे. ती टोपलीपाशी फतकल मारून बसते आणि डोळे पडलेलं, पिकलेलं फळ बरोबर उचलून माझ्या हातात देते. मी बिया काढायच्या आणि तिने गर हातापायांना, फ्रॉकला आणि उरलाच तर तोंडाला लावायचा, अशी आमची कामाची वाटणी आहे. काल तिने एका बैठकीत दोन फळं संपवली आणि तिसऱ्यासाठी भोकाड पसरलं.

हिच्याकडे बघून कुणाला पटणार नाही, पण मागच्या वर्षी याच दिवसांत आणि पुढे दिवाळी सरून थंडी पडेपर्यंत, हिच्या तोंडात दुधाशिवाय काही जाऊ नये म्हणून मी घरात पहारा दिला होता. पहारा हाच शब्द बरोबर आहे. सासूबाईंवर, नवऱ्यावर, शेजारणींवर, सगळ्यांवर माझी नजर असायची. सीताफळाचा वास आला की मला ते दिवस आठवतात आणि स्वतःचाच राग येतो. राग आला की लिहावं, असं मी शिकवणीतल्या मुलांना सांगत असते, म्हणून लिहायला बसले आहे.

मागच्या वर्षाचं कॅलेंडर आम्ही अजून काढलेलं नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे ते नव्या कॅलेंडरच्या खाली तसंच लटकतंय. आमच्याकडे कॅलेंडरच्या चौकोनात दुधाचे लिटर आणि गॅसची टाकी लावल्याची तारीख लिहायची पद्धत. ईश्वरी ऐन वैशाखात झाली आणि दवाखान्यातून घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याने त्या चौकोनात लिहिलं, "झोप चांगली. आवाज मोठा." तिथून आम्हा दोघांना नादच लागला. दिवस संपायच्या आत काही ना काही लिहायचंच.

नवरा जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला आहे. तो काही डॉक्टर नाही, पट्ट्या बांधतो, औषधं पाजतो, जनावर धरतो. पण गावात त्याला सगळे डॉक्टरच म्हणतात आणि तोही आता दुरुस्ती करत नाही. त्याची भाषा तिथली. एका चौकोनात त्याने लिहिलं होतं, "शेण पातळ." मी ते वाचून कडाडले, तर म्हणाला, "अगं, सवयीनं लिहिलं गेलं." मग तो शब्द खोडून वर "शी" लिहिलं, पण खोडलेलं अजून स्पष्ट दिसतं. माझ्या नोंदी वेगळ्या असायच्या. "आज स्वतःच्या मुठीकडे बघून हसली." "आज पालथी पडली आणि स्वतःच दचकली." "आजी शिंकली की हसते, आई शिंकली की रडते." दोन महिन्यांत अक्षरं इतकी बारीक झाली की शनिवारची नोंद रविवारच्या घरात शिरायची.

एवढं कशाला लिहिता, असं सासूबाई विचारायच्या. त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण मी दिलं नाही. माझ्या स्वतःच्या लहानपणाची एकही नोंद कुठे नाही. माझी जन्मतारीख एक जून आहे. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांची एक जूनच होती, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच टाकली. मी पहिल्यांदा कधी बसले, कधी चालले, काय बोलले, कुणाला ठाऊक नाही. आईला विचारलं तर ती थोडा विचार करते आणि म्हणते, "लई ऊस व्हता बघ त्या साली."

माझं माहेर धारूरकडच्या घाटात. दसरा झाला की आमच्या गावातली निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात आणि कारखान्यांचा हंगाम संपला की उन्हाळ्यात परततात. आई-आबा जायचे. आता ते थकलेत, तर दादा आणि वहिनी जातात. दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. त्याची शाळा चौथीतच सुटली आणि मी डी.एड. झाले, ही एकाच घरातली गोष्ट आहे. तो कधी त्यावर बोलला नाही. मी बोलायचा प्रयत्न केला की म्हणतो, "मला कुठं बसवत व्हतं बे तिथं एका जागी." बहिणीला बे म्हणू नये एवढं सुद्धा त्याला कळत नाही.

हंगाम असा असतो की सहा महिने माणूस गावात नाही. माझा डी.एड.चा निकाल लागला तेव्हा तो उसाच्या फडात होता. माझ्या डोहाळजेवणाला तो फडात होता. बारशाला तेवढा आला, कारण ते उन्हाळ्यात होतं. आपल्याकडे बाळाच्या पोटात पहिलं अन्न जातं त्याला उष्टावण म्हणतात, आणि तो पहिला घास मामाने भरवायचा असतो. बारशाच्या दिवशी पाळण्याची दोरी हातात धरून मी मनाशी ठरवून टाकलं की काही झालं तरी हा घास दादाच्याच हातून जाणार. त्याच्या वाट्याला माझ्याकडून आलंच काय आहे आजवर?

दसऱ्याच्या दोन दिवस आधी दादा-वहिनी निघण्यापूर्वी भाचीला बघायला आले. बांधावरची सीताफळं पोत्यात घालून आणली होती. ईश्वरीचा पाचवा महिना सरत आला होता. तिने दादाच्या मिशा धरल्या आणि सोडेचना. तिच्या मुठी सोडवायला वहिनी हसत पुढे झाली, तर दादा म्हणाला, "राहू दे, मला कुठं दुखतंय." त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

सासूबाई व्यवहारी. त्या म्हणाल्या, "अंजे, मामा दारात हाय. चमचाभर खीर करते. आत्ताच चाटवून टाका की. परत कवा यायचा तो?"

मी लगेच नाही म्हणाले. डी.एड.ला बालविकासाचा पेपर होता, त्यात मला चांगले गुण होते. सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही, हे मला पाठ होतं. आशाताईंनी सांगितलं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, भिंतीवरच्या पोस्टरवर लिहिलं होतं. मी सगळ्यांचा उभ्याउभ्या एक तास घेतला. दादा म्हणाला, "ती शिकलेली हाय, तिला कळतं." मग माझं तोंड उतरलेलं बघून म्हणाला, "कारखाना मधी दोन-चार रोज बंद पडतोच. तवा येतो मी. तू नगं काळजी करू."

ते दोघं एसटीने गेले आणि दोन दिवसांनी त्यांची टोळी निघाली. टोळी म्हणजे गावातली दहा-बारा जोडपी, एका मुकादमाच्या हाताखाली एकत्र तोडणारी. वहिनीने ट्रॅक्टरमधून फोटो पाठवला होता. भांडी, गोधड्या, एक कोंबडी, एक शेळी, आणि सगळ्यांत वर दादा. मी तो फोटो ईश्वरीला दाखवला आणि म्हणाले, "मामा आला की मंमं." ती माझ्या फोनला चाटायला लागली.

पुढे कार्तिक लागला. पहाटेला गारवा आला, तुरी फुलल्या, धरणाकडून येणारा वारा दुपारीसुद्धा अंगाला झोंबायला लागला. शिकवणीची पोरं स्वेटर घालून यायला लागली. ईश्वरीला सहा महिने पूर्ण झाले. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, "आता वरचं सुरू करा. पेज, मऊ भात, कुस्करलेलं केळ." मी मान डोलावली, घरी आले आणि काही सुरू केलं नाही. दादा यायचा होता.

आता इथे माझी गंमत बघा. पाचव्या महिन्यात मामा दारात होता, तर मी पुस्तकासाठी अडून बसले. सहावा संपला, पुस्तक म्हणालं भरव, तर मी मामासाठी अडून बसले. दोन्ही वेळा मला वाटत होतं की मी फार शहाण्यासारखं वागते आहे. सासूबाईंचं उलट झालं. ज्या बाईने मला सासरी आल्यापासून एकही सण-वार चुकवू दिला नाही, तीच म्हणायला लागली, "कावून अडून बसलीस बाई? लेकराला भूक लागली हाय. मामा आल्यावर परत करू थाटात." मी म्हणायचे, "चार दिवसांनी काय बिघडतंय?" चार दिवसांचे आठ झाले आणि आठाचे पंधरा.

सासूबाईंना नारायणगडाला दर्शनाला जायचं होतं, म्हणून एका सोमवारी आम्ही तिघी गेलो. पायऱ्यांवर एक आजीबाई भेटल्या. त्यांनी ईश्वरीची अलाबला घेतली आणि प्रसादातली खडीसाखर तिच्या ओठाला लावायला बोट पुढे केलं. मी त्यांचा हात हवेतच धरला. जोरात धरला असणार, कारण त्या बाई घाबरल्या. "मामाचं व्हायचंय अजून," सासूबाईंनी सांभाळून घेतलं. आजीबाई म्हणाल्या, "व्हय का? बरं बरं." आणि ती खडीसाखर त्यांनी माझ्या हातावर ठेवली. मला ती खावीशी वाटली नाही, मी पदराच्या टोकाला बांधली आणि मग विसरून गेले.

घरात जेवण अवघड झालं. सहा महिन्यांचं लेकरू तुमच्या तोंडाकडे बघतं. घास ताटातून उचलला की तिची नजर हाताबरोबर वर यायची, तो तोंडात गेला की तिचं तोंड आपोआप उघडायचं आणि मिटायचं. मधेच ती रिकामंच चावायची. नवरा भाकरीचा तुकडा मोडायचा आणि हात तसाच थांबायचा. शेवटी त्याने ओट्यापाशी उभ्याने जेवायला सुरुवात केली. मी तिच्याकडे पाठ करून बसायचे. हे मी कुठेही लिहिलं नाही. कॅलेंडरवर त्या आठवड्यात माझी नोंद आहे, "दा दा दा म्हणाली. मामाला हाक मारते बहुतेक."

दादाचा फोन दोन-तीन दिवसांनी यायचा. फडात रेंज नसायची. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरबरोबर तो कारखान्यावर गेला की तिथल्या रांगेतून बोलायचा. मी पहिला प्रश्न विचारायचे, "कारखाना बंद पडतोय का?" तो म्हणायचा, "न्हाई बा, यंदा जोरात चालू हाय." मधे एकदा बॉयलर बिघडल्याची बातमी आली तेव्हा मी आनंदाने उडीच मारली. संध्याकाळपर्यंत तो दुरुस्त झाला. हजारो माणसांचं पोट ज्यावर चालतं तो कारखाना बंद पडावा म्हणून मी देवाला हात जोडत होते, तेही कुणाची तरी पोट भरायची सोय म्हणून. "खाडा करून ये ना एक दिवस," असं मी एकदा म्हणून पाहिलं. खाडा म्हणजे कामावर दांडी. तो म्हणाला, "एक कोयता कमी झाला की समद्या टोळीचा खोळंबा व्हतो. आन् एका रोजात जाणं-येणं व्हत न्हाई." मी म्हणाले, "बरं. ये निवांत. आम्ही थांबतो." तो म्हणाला, "थांबा, थांबा. येतोच."

एका रविवारी नवरा म्हणाला, "आपणच जाऊ. मित्राची जीप मागतो. फडात जाऊन दादांच्या हातून भरवू आणि संध्याकाळी परत फिरू." चांगला उपाय होता. मी लगेच दहा कारणं सांगितली. ते कर्नाटकाच्या हद्दीत आहेत, लांब आहे, थंडी आहे, टोळी चार दिवसांनी जागा बदलते, धूळ, पाचट, साप. नवऱ्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, "ठीक आहे."

खरं कारण एकच होतं. माझ्या मुलीचा पहिला घास कोपीत व्हावा असं मला वाटत नव्हतं. कोपी म्हणजे फडाच्या कडेला पाचटाची आणि ताडपत्रीची बांधलेली झोपडी. माझी पहिली पाच-सहा वर्षं तिथे गेली. मला तिच्यातला ओल्या पाचटाचा वास आठवतो, वाकून आत जाणं आठवतं. मी त्यातून बाहेर पडले याचा मला अभिमान आहे, तो मी मिरवते देखील. म्हणजे मामाचा मान मला करायचा होता, पण मामा जिथे राहतो तिथे जाऊन नाही. त्याने पालीला यावं, पाटावर बसावं, नवीन टोपी घालावी आणि मग माझ्या फोटोत यावं. हे मी त्या रविवारी स्वतःशी कबूल केलं आणि तरीही जीप मागवली नाही. याची मला आजही लाज वाटते.

मार्गशीर्षात अंगणवाडीत वजनाचा दिवस आला. मागच्या महिन्यात ईश्वरी सहा किलो चारशे होती. सेविकाताईंनी तिला काट्यावर ठेवलं, उचललं, परत ठेवलं. सहा किलो तीनशे. त्यांनी तक्त्यावर ठिपका दिला. ठिपक्यांची वर चढणारी रेघ तिथे वाकली. हिरव्या पट्ट्यातच होती अजून, पण तोंड पिवळ्याकडे झालं होतं.

"वरचं काय काय देता?" ताईंनी विचारलं.

"पेज देते. भाताचं पाणी. थोडं थोडं."

शब्द आपोआप आले. ताईंनी मान हलवत ते रजिस्टरात लिहून घेतलं. शेजारी नवरा उभा होता, दवाखान्यातून मुद्दाम अर्धा तास काढून आला होता. तो माझ्याकडे बघत होता. मी ईश्वरीची टोपी नीट करायला लागले, ती नीटच होती. सात महिने आम्ही दोघांनी तिची शी-सू, शिंका, हसणं सगळं खरं खरं लिहिलं, आणि सरकारी कागदावर तिच्याबद्दलची मी दिलेली पहिली माहिती खोटी होती.

घरी आल्यावर त्याने कॅलेंडरच्या चौकोनात लाल पेनने वजन लिहिलं, पेन जागेवर ठेवलं आणि मग म्हणाला, "वासरू दोन-तीन आठवड्यांचं झालं की आपणहून चारा तोंडात घेतं. त्याला कुणी मामा येऊन घास भरवत न्हाई."

"माझी मुलगी वासरू नाहीये."

"न्हाई ना. वासरू असतं तर बरं झालं असतं. मालकानं उपाशी ठेवलं तर मी त्याला चार माणसांत झाडला असता."

माझ्या नवऱ्याने मला आजवर बोललेलं हे सगळ्यांत वाईट वाक्य आहे आणि ते बरोबर होतं. मी रडले, मग भांडले, मग म्हणाले की दादाला यातलं काही कळवायचं नाही. त्याला कळलं तर तो टोळी सोडून निघून येईल आणि तिकडे त्याच्या नावाने शिमगा होईल. नवरा म्हणाला, "मग कधी?" मी म्हणाले, "पुढच्या आठवड्यापर्यंत बघू." तो चप्पल घालून दवाखान्यात निघून गेला. सासूबाई निवडायला घेतलेले तांदूळ घेऊन बाहेर ओसरीवर जाऊन बसल्या. ईश्वरी माझ्या मांडीवर होती आणि माझ्या हातातल्या बांगड्या चघळत होती.

दोन दिवसांनी दुपारी दादाचा फोन आला. आम्ही जेवायलाच बसत होतो. नवरा दुपारच्या सुट्टीत आला होता, पण आमचं अजून धड बोलणं नव्हतं. मागून ट्रॅक्टरांची घरघर आणि कुठल्या तरी टेपवरचं गाणं ऐकू येत होतं. मी फोन स्पीकरवर टाकून ताटाशेजारी ठेवला, कारण ईश्वरी कडेवर होती.

"भाची काय करतीय?" तो नेहमीसारखा म्हणाला.

मला "मजेत आहे" म्हणायचं होतं. ते नेहमीचं उत्तर होतं. पण ईश्वरी कडेवरून माझ्या ताटाकडे झेपावली. मग म्हणाले, "दादा, तिचं वजन उतरलंय."

"आजारी हाय का?"

"नाही."

"मंग? खाती का नीट?"

"अजून कुठे खाते ती? तू आला नाहीस ना."

पलीकडे गाणं चालू राहिलं. मग तो हळू म्हणाला, "म्हंजी? लेकराला आजून अन्नच न्हाई लावलं?"

"तुझ्यासाठी थांबलोय आम्ही."

"आगं, मला वाटलं कार्यक्रम राहिलाय! पाट, ओवाळणं, नवी कापडं. त्याला थांब म्हणलो व्हतो मी. खाणं कावून थांबवलंस?" त्याचा आवाज चढला. दादा माझ्यावर कधी ओरडलेला नाही, लहानपणी मी त्याचा रेडिओ विहिरीत टाकला तेव्हासुद्धा नाही. "लेकरू उपाशी ठिवून माझा मान करतीस व्हय? असला मान मला नगं. दाजी हायत का तिथं? दाजी, तुमी बी काय बोलला न्हाईत?"

नवऱ्याने फोनकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. "माझंच चुकलं, दादा," तो म्हणाला. त्याचं काही चुकलेलं नव्हतं.

मला रडू आवरत नव्हतं. मी म्हणाले, "मला वाटलं एक तरी गोष्ट तुझ्या हातून व्हावी. पहिली."

त्याच्याजवळ कुणी तरी "ट्रॅक्टर पुढं घे" म्हणून ओरडलं, त्याने "घेतो रे" म्हणून उत्तर दिलं. परत आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता.

"अंजे, तुझं उष्टावण कुणी केलं, ठाव हाय का तुला?"

"माझं? झालं तरी होतं का?"

"मी केलं."

सासूबाई हातातली वाटी घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"तू हिच्याएवढीच असशील," तो म्हणाला. "आई-आबा फडात गेलते. मी कोपीत तुला घिऊन बसायचो. दुपारी आई यायची पाजायला. एक रोज गाडी भरायची व्हती, आई आलीच न्हाई. दोन वाजले, तीन वाजले. तू रडून रडून निळी पडलीस. लई भ्यालो मी. मंग सकाळचा चहा व्हता पातेल्यात, त्यात भाकर कुस्करली आन् बोटानं भरवली. मामानं भरवायचं असतंय, पाट लागतो, मला काय ठाव? आईला सांगितलं न्हाई, मारंल म्हणून. मंग राहूनच गेलं सांगायचं. आज तुला सांगतोय."

माझ्या पहिल्या वर्षाची एक नोंद होती. ती इतकी वर्षं एका माणसाने मार बसेल या भीतीने कुणाला दाखवली नव्हती. मला ती कोपी दिसली, जिच्यात माझ्या मुलीला मला न्यायचं नव्हतं, आणि तिच्यात मांडीवर माझं ओझं घेऊन बसलेला तो आठ वर्षांचा दादा दिसला. दाराकडे बघत बसलेला.

"माझ्या वाटणीचं उष्टावण मी कवाच उरकलंय," तो म्हणाला. "हिला तू भरव. आत्ता. माझा नंबर यायला येळ हाय, मी हाय फोनवर."

सासूबाईंनी वाटीत गरम भात घेतला, वरून वरणाचं नुसतं पाणी आणि तुपाचा थेंब घातला आणि पळीच्या पाठीने तो लोण्यासारखा मऊ घोटला. पाट मांडला नाही, औक्षण नाही, फोटो नाही. नवरा माझ्यासमोर खाली बसला आणि त्याने ईश्वरीला मांडीवर घेतलं, दवाखान्यात जनावर धरतो तसं नाही, अगदी सैल. मी बोटावर थोडा भात घेतला. तिने माझ्या बोटाकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आ केला. इतका मोठा आ, की तिच्या खालच्या हिरडीवर आलेला दाताचा पांढरा ठिपका मला पहिल्यांदाच दिसला.

भात आत गेला. तिने कपाळाला आठ्या घातल्या. जीभ इकडून तिकडे फिरवली. मग तो सगळा घास हळूहळू बाहेर आला आणि हनुवटीवरून नवऱ्याच्या हातावर पडला.

"खाल्लं का?" फोनमधून आवाज आला.

"थुंकली," मी म्हणाले.

दादा हसला. मागची घरघर चालूच होती.

"तू बी थुंकली व्हतीस," तो म्हणाला. "पूस आन् परत भरव."